भंगारातून पुन्हा आभाळात : जुनी विमानं जपणाऱ्या हातांची गोष्ट



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. २६ जानेवारीचं दिल्लीचं संचलन बघायला आम्ही गटातल्या पाच-सहा जणी एकीच्या घरी जमलो होतो. टीव्हीवर जेट विमानं कानठळ्या बसवत गेली. आणि मधेच एक जाडजूड, दोन पंख्यांचं विमान आलं. एखाद्या लग्नघरातल्या आजीबाईंनी काठी टेकत मांडवातून जावं, तसं ते सावकाश निघून गेलं. निवेदक म्हणाला, हे डाकोटा. आमच्यातल्या एक काकू लगेच बोलल्या, "अगं, एवढं म्हातारं विमान उडवायचं कशाला? भंगारात घातलं असतं तर चार पैसे तरी आले असते."

आम्ही हसलो. पण काकूंचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऐंशी वर्षांचं यंत्र, त्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, ते बनवणारी माणसं देवाघरी गेली. तरी जगात कितीतरी लोक पदरचे पैसे आणि आयुष्याची वर्षं घालून अशी विमानं दुरुस्त करतात, उडवतात. का? आणि कशी? मी वाचत गेले, तेव्हा एक गोष्ट कळली आणि मला गंमत वाटली. या कामात सुई-दोरा आहे, इस्त्री आहे, गादीवाल्याचा टाका आहे. आणि बायका आहेत, पुष्कळ आहेत. म्हणून आज ही गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

डाकोटा कुठून आलं?

आधी काकूंच्या डाकोटाचंच सांगते. १९४७ साली २७ ऑक्टोबरला आपले सैनिक श्रीनगरला उतरले, ते डाकोटा विमानांतून. काश्मीरचं खोरं वाचवण्यात या विमानांचा मोठा वाटा होता. पुढे नवी विमानं आली आणि डाकोटा निवृत्त झाली. बहुतेक मोडीत निघाली.

संचलनात दिसलं ते विमान इंग्लंडमध्ये मोडीत जायच्या बेतात होतं. राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेतलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. इंग्लंडमध्येच ते विमान दुरुस्त झालं आणि एप्रिल २०१८ मध्ये टप्प्याटप्प्यानं उडत भारतात आलं. हवाई दलानं त्याला 'परशुराम' नाव दिलं, आणि अंगावर व्हीपी ९०५ हा १९४७ सालच्या डाकोटाचा क्रमांक रंगवला. म्हणजे हे ते श्रीनगरला गेलेलं विमान नव्हे; त्याच्या जातीचं, त्याची आठवण वाहणारं विमान आहे.

वडिलांच्या आठवणीसाठी मुलानं जपलेली वस्तू, एवढं तर आपल्यालाही कळतं. आपल्या घरात आजीचं जातं असतं, दळण गिरणीतून येतं, तरी जातं कुणी टाकत नाही. पण जातं कोपऱ्यात ठेवलं तरी चालतं. विमान उडवायचं म्हणजे त्यात माणूस बसणार. तिथे नुसती माया पुरत नाही. तिथे काम चोख लागतं.

पंखावरचं कापड

आता कामाचं बघू. तुमच्यापैकी शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनी इथे जरा कान द्या.

सुरुवातीच्या काळातली विमानं पत्र्याची नव्हतीच. लाकडाचा नाहीतर लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. आपल्याकडे ज्या विमानावर कित्येक वैमानिक उडायला शिकले, त्या टायगर मॉथचे पंख असेच कापडी. हे कापड लिननचं असे. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याचं कापड. आपण जवसाची चटणी करतो, त्याच कुळातल्या रोपाचा हा धागा. तो चिवट असतो.

पंखाच्या मापाची कापडाची खोळ शिवायची, उशीला अभ्रा घालतात तशी ती सांगाड्यावर चढवायची. पण नुसती खोळ चढवून भागत नाही. विमान वेगात निघालं की पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि कापड वर ओढलं जातं. ते फुगलं, सुटलं, तर खेळ खलास. म्हणून कापड पंखाच्या आतल्या फासळ्यांना टाचावं लागतं. गादीवाला दाभण गादीच्या आरपार घालून टाका घेतो ना, अगदी तसं. लांब सुई वरून खाली, खालून वर. दोऱ्याला मेण लावलेलं. आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ, कारण एखादा टाका तुटला तर शेजारचे उसवू नयेत. मग त्या टाक्यांवर कापडी पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडा करवतीसारख्या दातेरी कापलेल्या असतात. कशासाठी? दोरे निघू नयेत म्हणून. झिगझॅग कात्रीनं आपण कापडाची कड कापतो, ती याचसाठी.

यानंतर कापडावर डोप नावाचं रोगण देतात. ते वाळलं की कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पानासारखं घट्ट ताणलं जातं. टिचकी मारली तर टणकन वाजतं. आता लिननऐवजी पुष्कळ ठिकाणी पॉलिएस्टरचं कापड वापरतात. ते ताणायला काय वापरतात, ठाऊक आहे? इस्त्री. घरातली असते तशीच इस्त्री, फक्त तिची उष्णता मोजून, नेमकी ठेवलेली. ती फिरवली की कापड आपोआप आवळतं.

हे शिवायचं आणि रोगण द्यायचं काम पहिल्या महायुद्धापासून इंग्लंडच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बायकांनी केलं. सुई त्यांच्या हाताला सरावलेली होती म्हणून त्यांना बोलावलं. पण एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या वेळच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन नावाचं विषारी द्रावण असे. बंद खोलीत त्याची वाफ दिवसभर नाकातोंडात जाई. कामगारांना कावीळ होऊ लागली, यकृत बिघडलं, काहींचा जीव गेला. तेव्हा आरडाओरडा झाला, डॉक्टरांनी कारण शोधलं, आणि मग ते द्रावण बदलत गेले. संग्रहालयात त्या काळचं कापडी विमान बघताना पाटीवर वैमानिकाचं नाव असतं. रोगण देणारीचं नसतं.

आपल्यापैकी कुणी कारखान्यात, रंगकामात, फवारणीत असेल तर एवढं लक्षात ठेवा. वास उग्र येतोय, डोकं जड होतंय, मळमळतंय, तर ते अंगवळणी पाडून घ्यायचं नसतं. मोकळ्या हवेत यायचं, डब्यात काय आहे ते विचारायचं.

बावीस वर्षांची जॅकी

आता एका विमानाची गोष्ट सांगते. विमान एकच, पण त्याच्या आयुष्यात दोन बायका आल्या.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडकडे स्पिटफायर नावाचं लढाऊ विमान होतं. एकच माणूस बसेल एवढं, सडपातळ, भारी वेगाचं. अशी २० हजारांहून जास्त विमानं बनली. कारखान्यातून विमान तयार झालं की ते लढाईच्या तळावर पोचवावं लागे. लढाऊ वैमानिक या कामात गुंतवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी नावाची एक संघटना उभी राहिली. तिचं काम फक्त विमानांची ने-आण. आधी यात पुरुष होते. वय झालेले, चष्मा लागलेले, एखादा हात नसलेलेसुद्धा. १ जानेवारी १९४० ला पॉलीन गॉवर यांच्या पुढाकारानं पहिल्या आठ महिला वैमानिक त्यात आल्या.

लगेच नावं ठेवणारे उभे राहिले. बायकांना हे झेपणार नाही, पुरुषांची नोकरी जाईल, त्यांनी घरचं बघावं. ही वाक्यं इंग्रजीत होती एवढंच, आपल्या ओळखीचीच. सुरुवातीला या आठ जणींना लहान, उघड्या टायगर मॉथवरच ठेवलं. थंडीत कुडकुडत त्या ती विमानं उत्तरेला पोचवत. काम चोख झालं, तसं मोठी विमानं हातात येत गेली. पुढे सुमारे १६५ महिला या कामात आल्या. त्यात सगळ्या सुखरूप परतल्या नाहीत. इंग्लंडहून एकटीनं ऑस्ट्रेलियापर्यंत उडालेली एमी जॉन्सन ५ जानेवारी १९४१ ला असंच एक विमान पोचवताना थेम्स नदीच्या मुखाजवळ गेली.

काम कसं होतं बघा. विमानात रेडिओ नाही. ढगातून उडायचं शिक्षण नाही. मांडीवर नकाशा, खाली बघत जायचं. ही नदी, हा रेल्वेचा रूळ, ते चर्चचं शिखर. आज एका जातीचं विमान, उद्या दुसऱ्या. कधी न बसलेल्या विमानात बसायचं, तर हातात एक लहान चोपडी असे. त्यात प्रत्येक विमानाची माहिती मोजक्या ओळींत. कोणता खटका कधी दाबायचा, उतरताना वेग किती ठेवायचा. ती वाचायची आणि निघायचं. नव्या सुनेला सासूबाईंनी कागदावर लिहून द्यावं ना, की एवढं पीठ, एवढं तेल, इतक्या शिट्ट्या, तसंच. फक्त इथे चुकलं तर भात करपण्यावर भागत नव्हतं.

सुरुवातीला या महिलांना त्याच कामाचा पगार पुरुषांपेक्षा २० टक्के कमी होता. पॉलीन गॉवर यांनी पाठपुरावा सोडला नाही, आणि १९४३ साली समान कामाला समान पगार सुरू झाला. त्या काळात हे जगावेगळंच होतं.

यातच होती जॅकी. पुढे लग्नानंतर जॅकी मॉग्रिज या नावानं ती ओळखली गेली. दक्षिण आफ्रिकेत वाढलेली मुलगी, वैमानिक व्हायचं म्हणून इंग्लंडला आली आणि अठराव्या वर्षी या कामात शिरली. युद्ध संपेपर्यंत तिनं १५०० हून जास्त विमानं पोचवली, तीही ८० पेक्षा जास्त जातींची. २९ एप्रिल १९४४ ला तिनं एक नवं कोरं स्पिटफायर न्यूझीलंडच्या वैमानिकांच्या तुकडीला नेऊन दिलं. त्या विमानाचा क्रमांक होता एमएल ४०७. जॅकी तेव्हा बावीस वर्षांची होती. विमान दिलं, सही घेतली, ती पुढच्या कामाला लागली.

एमएल ४०७ त्यानंतर वर्षभर लढाईत राहिलं. वेगवेगळ्या देशांच्या तुकड्यांकडे फिरलं आणि १७६ वेळा मोहिमेवर गेलं. युद्ध संपल्यावर त्यात बदल करून पुढे-मागे दोन बैठका केल्या, आणि ते आयर्लंडच्या हवाई दलात शिकाऊ वैमानिकांसाठी गेलं. १९६० नंतर ते उडायचं थांबलं. आधी जमिनीवर मुलांना यंत्र शिकवायला, मग एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे. शेवटी त्याचे भाग सुटे करून ठेवलेले होते.

सुट्या भागांतून विमान

१९७९ साली निक ग्रेस नावाच्या इंजिनिअरनं ते सुटे भाग विकत घेतले. इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉलमध्ये सेंट मेरिन नावाचा युद्धकाळातला ओसाड पडलेला विमानतळ होता, तिथे त्यानं काम मांडलं. पाच वर्षं लागली.

असं विमान उभं करताना काय काय करावं लागतं? आधी सगळं सोडवायचं. प्रत्येक तुकडा धुवायचा, तपासायचा. कुठे गंज आहे, कुठे केसाएवढी भेग आहे. पत्रा जोडणारे हजारो रिव्हेट. जुने झाले की ते एकेक काढायचे आणि नवे ठोकायचे. स्पिटफायरच्या पंखाचा कणा मजेशीर असतो. चौकोनी नळी, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. एकात एक बसणारे आपले डबे असतात तशा. पंखाच्या मुळाशी जास्त नळ्या, कारण भार तिथे जास्त. टोकाकडे जाताना त्या कमी होत जातात. बैलगाडी म्हणा, टेम्पोचे पाटे म्हणा, भार जिथे तिथे जाडी, हा हिशेब सगळीकडे सारखाच.

इंजिन २७ लिटरचं. आपल्याकडची १०० सीसीची मोटारसायकल घेतली, तर तशा २७० गाड्यांची इंजिनं एकत्र केली की हा आकार होतो. आणि एवढ्या या धातूच्या विमानात, शेपटीवरचं दिशा वळवणारं उभं सुकाण मात्र कापडाचंच मढवलेलं. तिथे पुन्हा सुई, मेणाचा दोरा, रोगण.

या सगळ्याच्या जोडीला वही. कोणता भाग कधी बदलला, कुठून आला, कुणी बसवला, कुणी तपासला, त्याची सही. ज्या भागाला कागद नाही, तो कितीही चांगला दिसला तरी विमानात बसत नाही. आपल्या बचत गटात म्हणतो ना, वहीत नाही तर व्यवहारच झाला नाही, तेच.

इथे या छंदातल्या लोकांत एक जुना वाद आहे. निम्म्याहून जास्त भाग नवे घातल्यावर ते विमान जुनं म्हणायचं का? काहीजण तर नावाची पट्टी आणि चार गंजके तुकडे घेतात, बाकी सगळं नवं करतात आणि म्हणतात, हेच ते. दुसरे म्हणतात, ही तर नक्कल झाली. मला आपली गोधडी आठवली. सासूबाईंच्या लुगड्याचे थर आत, वरचं कापड झिजलं की सून नवं लावते, मग नातसून ठिगळ देते. तीच गोधडी का? घरातल्या कुणालाही विचारा, तीच. कारण ती एकदम नवी झाली नाही, हातातून हातात गेली. जुन्या विमानांचंही बहुतेक जाणकार असंच मानतात. जुनं जेवढं जपता येईल तेवढं जपावं, आणि जे बदललं ते लपवू नये.

कॅरोलिन

१६ एप्रिल १९८५. एमएल ४०७ पुन्हा आभाळात गेलं. पुढच्या बैठकीवर निक, मागच्या बैठकीवर त्याची बायको कॅरोलिन. ही ऑस्ट्रेलियात वाढलेली.

तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, निक रस्त्यावरच्या मोटार अपघातात गेला. घरात दोन लहान मुलं. हँगरमध्ये एक स्पिटफायर.

कॅरोलिनला लहान विमान उडवता येत होतं. पण लहान विमान आणि स्पिटफायर यांत स्कूटी आणि ट्रॅक्टर एवढा फरक. किंबहुना जास्तच. जमिनीवर असताना पुढचं नाक एवढं उंच असतं की वैमानिकाला समोरचं दिसतच नाही. साप चालतो तसं डावी-उजवीकडे वळत, बाजूनं बघत पुढे जावं लागतं. ती शिकायला बसली. जॅकीनं पोचवलं तेव्हा विमान एका माणसाचं होतं. पुढे त्याच्या दोन बैठका झाल्या होत्या, त्या आता उपयोगी पडल्या. शिकवणारा सोबत बसू शकला. १९९० मध्ये तिनं ते एकटीनं उडवलं. पुढे कित्येक वर्षं तिनं ठिकठिकाणच्या हवाई प्रदर्शनांत ते नेलं. त्या काळात जगात स्पिटफायर उडवणारी ती एकमेव बाई म्हणून ओळखली जाई. त्या विमानाची निगा, खर्च, कागदपत्रं, सगळं तिनं बघितलं, आणि मुलं त्यातच मोठी झाली. तिचा मुलगाही पुढे स्पिटफायर उडवू लागला.

आणि जॅकी? युद्धानंतर महिला वैमानिकांना घरी पाठवलं गेलं, पण ती उडत राहिली. पन्नासच्या दशकात तिनं सायप्रसहून ब्रह्मदेशापर्यंत स्पिटफायर विमानं पोचवली, वाटेत भारतावरूनही ती गेली. ब्रिटनमधल्या प्रवासी विमानांच्या पहिल्या महिला कॅप्टनांपैकी ती एक झाली. १९९४ मध्ये, त्या पोचवणीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा जॅकी आणि कॅरोलिन या दोघी मिळून एमएल ४०७ मधून उडाल्या. तेच विमान, जे बावीस वर्षांच्या जॅकीनं सही घेऊन दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. जॅकी २००४ मध्ये वारली. तिच्या अस्थींची राख याच विमानातून आभाळात सोडली, आणि ते विमान कॅरोलिननं चालवलं.

कॅरोलिनही आता नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियात ती अपघातात गेली. विमान आहे.

उडवावं की ठेवावं?

आता काकूंच्या प्रश्नाची दुसरी बाजू. जुनी विमानं उडवणं धोक्याचं आहे, हे खरं आहे. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या हवाई प्रदर्शनात एक जुनं हंटर जेट कसरत करताना मैदानाबाहेरच्या रस्त्यावर कोसळलं. ११ माणसं गेली. त्यानंतर तिथले नियम फार कडक झाले. प्रेक्षक कुठे, रस्ते कुठे, विमानानं किती उंचीवर काय करायचं, सगळं नव्यानं ठरलं. काही जाणकार म्हणतात, ही विमानं संग्रहालयातच ठेवा, एक पडलं की ते कायमचं गेलं आणि माणूसही गेला.

दुसरे म्हणतात, विमान जमिनीवर ठेवलं की विमान उरतं पण विद्या जाते. कापड कसं ताणायचं, इंजिनाचा आवाज बदलला तर काय बिघडलं, हे पुस्तकातून येत नाही, हाताखाली काम करून येतं. मला वाटतं दोन्ही बाजू मान्य कराव्यात, आणि मधला रस्ता आहेही.

इंग्लंडमध्येच ओल्ड वॉर्डन नावाचं ठिकाण आहे. तिथे रिचर्ड शटलवर्थ नावाचा तरुण जुनी विमानं आणि गाड्या जमवायचा. १९४० मध्ये तो विमान अपघातात गेला. तो आईचा एकुलता एक. आई डोरोथी यांनी मुलाच्या नावानं १९४४ मध्ये न्यास केला. मुलगा विमानात गेला, त्याच विमानांवर राग धरून त्या विकून टाकू शकल्या असत्या. त्यांनी ती जपली. तिथे १९०९ सालचंसुद्धा विमान आहे. पण ते कसं उडवतात? दिवसभर नाही. संध्याकाळी वारा पडला, झाडाचं पान हलत नाही, अशा वेळी धावपट्टीच्या वर जेमतेम उचलतात आणि लगेच उतरवतात. वारा असेल तर लोक तिकीट काढून आले असले तरी विमान बाहेर निघत नाही. म्हाताऱ्या माणसाला चालवायचं, पण त्याच्या चालीनं.

आपलं जुहू

हे सगळं दूरदेशीचं झालं. पण आपल्या महाराष्ट्रातही असा एक जुना विमानतळ आहे, मुंबईचा जुहू. १९२८ पासूनचा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, एका इंजिनाच्या लहान पस मॉथ विमानातून इथेच उतरले. आपल्या देशातल्या विमानसेवेची ही सुरुवात. तेव्हा जुहू म्हणजे समुद्राकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, मग विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावर न्यावी लागत.

पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी तोच प्रवास लेपर्ड मॉथ या तशाच जुन्या विमानातून पुन्हा केला आणि जुहूला उतरले. आणि २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईची आरोही पंडित ही तरुण वैमानिक कच्छमधून लहानशा विमानानं जुहूला आली, त्या पहिल्या प्रवासाची आठवण म्हणून. १९३२ मध्ये सुरू झालेली वाट आता एका मुलीच्या हाती आली आहे.

जगात कितीतरी जुने विमानतळ आता उरले नाहीत. जिथे एमएल ४०७ तयार झालं त्या कॅसल ब्रॉमविचच्या मैदानावर आज घरं आहेत. मात्र एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरीचं मुख्य ठाणं असलेलं व्हाइट वॉल्थमचं गवती मैदान अजून चालू आहे. तिथे अजून लहान विमानं उतरतात.

काकूंना काय सांगू?

तर काकूंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. भंगारात घातलं असतं तर पैसे आले असते, खरं आहे. पण विमान उडतं राहिलं म्हणून जॅकीचं नाव उरलं. एमएल ४०७ च्या वहीत तारीख होती, ते कुणी पोचवलं याची नोंद राहिली होती, म्हणून पन्नास वर्षांनी तिला शोधता आलं. तिच्यासारख्या कितीजणींनी काम केलं, शिवलं, रंगवलं; ज्यांची नोंद राहिली नाही, त्यांना आपण आज नावानं हाक मारू शकत नाही.

आपल्याकडे विमान नाही. पण गावात अजून एखादी आजी असेल जिला वाकळेचा तो जुना टाका येतो, एखादी असेल जिला घरचं बी राखेत कसं ठेवायचं ते कळतं, एखादीनं चाळीस वर्षं सुईणपण केलं असेल. तुमच्या गटाची वही आहे ना, हप्ते आणि व्याज लिहायची? तिची मागची दोन पानं मोकळी ठेवा. पुढच्या बैठकीत एकेकीला विचारा, तुम्हाला काय येतं, कुणाकडून शिकलात, आणि आता कुणाला शिकवताय? तिघींची नावं लिहा. शिकवणारी, येणारी, शिकणारी. तिसरी जागा रिकामी राहिली, तर त्या बैठकीतच ठरवा की ती कोण भरणार.

मी आमच्या काकूंना विचारलं. त्यांना गादीचा टाका येतो, आरपारचा, गाठ मारून. त्यांच्या वडिलांचा धंदाच तो. मी म्हटलं, काकू, याच टाक्यावर विमानाचा पंख उभा असतो. त्या घटकाभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग दाभण आण की. बघत काय बसलीस?"